तपासणी कोणती, हे शेवटी ठरवा: विद्यापीठ आणि कर्करोग रुग्णालय यांच्यातील कराराविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही मराठवाड्यातील एका विद्यापीठाच्या उपपरिसरात समाजकार्य शिकवता. एका कर्करोग रुग्णालयाशी सामंजस्य करार करून आसपासच्या दहा-बारा गावांत काम सुरू करावे, अशी वरून सूचना आली आहे. या गावांत ऊसतोडीला जाणारी कुटुंबे बरीच आहेत. कोणत्या तपासण्या घ्याव्यात, किती विद्यार्थी लागतील आणि करारात काय लिहावे, हे तुम्ही विचारले आहे.

मी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या पीएसएम, म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र विभागात नोकरी केली आणि त्यातली वीसएक वर्षे गर्भाशयमुखाच्या, स्तनाच्या आणि तोंडाच्या कर्करोगाच्या तपासणी कार्यक्रमांत गेली. त्या अनुभवावरून सांगतो की तुमचे तिन्ही प्रश्न योग्य असले तरी त्यांचा क्रम उलटा आहे. गावातील बाईची तपासणी करणे हा या कामातील सर्वांत सोपा भाग आहे. जिच्या तपासणीत दोष आढळला ती बाई बायोप्सीपर्यंत, अहवालापर्यंत, उपचाराच्या शेवटच्या दिवसापर्यंत आणि त्यानंतरच्या फेरतपासणीपर्यंत कशी पोहोचणार, हा खरा प्रश्न आहे. शहरातील आणि खेड्यातील, पैसेवाल्या आणि मजुरी करणाऱ्या घरांतील जी विषमता आपण कमी करू म्हणतो, ती मुख्यतः या मधल्या अंतरात असते. म्हणून करार शेवटच्या पायरीपासून मागे लिहीत यावा, असे माझे मत आहे.

हे मला पुस्तकातून समजले नाही. आमच्या पहिल्या मोठ्या शिबिरात मंडप होता, बॅनर होता, पाहुण्यांची भाषणे होती. सकाळपासून बायकांची रांग लागली होती. संध्याकाळी आम्ही समाधानाने परतलो. ज्यांना पुढे पाठवणे आवश्यक होते अशा सात जणींच्या केसपेपरांवर तांबड्या शाईने ‘रेफर’ असे लिहिले होते. ते कागद एका फाइलमध्ये गेले. रुग्णालयाला वाटले की विद्यापीठाचे विद्यार्थी त्यांना घेऊन येतील, विद्यापीठाला वाटले की रुग्णालय फोन करील आणि आशाताईंना तर ती नावे कोणी कळवलीच नव्हती. दीड-दोन वर्षांनी त्यांतील एक बाई स्वतःहून रुग्णालयात आली तेव्हा आजार ओटीपोटात पसरलेला होता. तिच्या पिशवीत शिबिराचा कागद नीट घडी घालून ठेवलेला होता. तिने तो पुढे केला आणि म्हणाली, “साहेब, तुम्हीच म्हणाला होता, काही असलं तर कळवू.” आमच्या करारावर दोन्ही संस्थांचे शिक्के होते, पण ‘कळवू’ या क्रियापदाचा कर्ता कोण, हे त्यात कुठेच लिहिलेले नव्हते.

आता तुमच्याच भागातील उदाहरण घेऊ, कारण जगात वारंवार ज्याचा दाखला दिला जातो असे काम तुमच्या शेजारी झालेले आहे. बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी, म्हणजे ठरलेल्या भागातील प्रत्येक कर्करोगरुग्णाची नोंद ठेवण्याचे काम, सुरू झाली. तिच्या कक्षेत बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील गावे होती. शहरातील नोंदणीत कर्मचारी रुग्णालयांच्या नोंदवह्या चाळतात. येथे तसे करून भागणार नव्हते, कारण पुष्कळ रुग्ण रुग्णालयाची पायरीच चढत नसत. म्हणून नोंदणीचे कर्मचारी गावोगाव फिरत, लोकांना एकत्र बसवून कर्करोगाच्या लक्षणांविषयी बोलत आणि कोणाला तसा त्रास आहे का, हे विचारत. नोंदणीसाठी केलेल्या या बोलण्याचा एक परिणाम असा झाला की बायका लवकर येऊ लागल्या. तपासणीची कोणतीही मोहीम न घेता, केवळ जाणीव वाढल्यामुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच्या टप्प्यात सापडण्याचे प्रमाण वाढले, हे त्या गटाने १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले.

या पायावर पुढे टाटा मेमोरियल रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील लिऑं येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठी चाचणी घेतली. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांची गावांच्या ५२ समूहांत विभागणी करून त्यांचे चार गट पाडण्यात आले. एका गटाला या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्याला पॅप, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची तपासणी आणि तिसऱ्याला व्हीआयए, म्हणजे गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल लावून मिनिटभराने पांढरा डाग उमटतो का ते पाहण्याची तपासणी देण्यात आली. चौथ्या गटाला फक्त नेहमीची आरोग्यसेवा होती. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ जणी या कर्करोगाने दगावल्या आणि एचपीव्ही गटातील ३४,१२६ पैकी ३४ जणी. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पॅप आणि व्हीआयए यांच्या एकेका फेरीने मात्र मृत्यूंत म्हणण्याजोगी घट दिसली नाही.

हे आकडे वाचून अनेक जण एवढाच बोध घेतात की एचपीव्ही तपासणी उत्तम, तिची यंत्रे मागवा. तपासणी उत्तम आहेच. पण त्या गटातील ३४,१२६ पैकी २७,१९२ स्त्रिया प्रत्यक्ष तपासणीला आल्या, म्हणजे दहांतील आठ. याची तुलना राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीशी करून पाहा. तिच्यानुसार देशातील तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी १.९ टक्के स्त्रियांनीच गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी केलेली होती. तीस वर्षांवरील लोकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी करण्याची केंद्र सरकारची मार्गदर्शिका २०१६ पासून अस्तित्वात आहे, तरीही ही स्थिती. दहांतील आठ आणि शंभरातील दोन यांतला फरक यंत्राने पडत नाही. त्या परिसरात दहा-बारा वर्षे आधीपासून नोंदणीची माणसे गावोगाव येत होती आणि दोष आढळल्यास पुढची तपासणी व उपचार यांची सोय बार्शीत, ठाऊक असलेल्या रुग्णालयात होती. माझ्या मते फरक पडला तो यामुळे.

मुंबईतील चाचणी याच्या जोडीने वाचावी. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधील वीस समूहांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक महिलांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन व्हीआयए करायला शिकवले आणि दर दोन वर्षांनी एक अशा चार फेऱ्या घेतल्या. बारा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. धाराशिवमध्ये एकाच फेरीत जी तपासणी अपुरी पडली, तीच येथे उपयोगी ठरली. दोन्ही चाचण्यांतील वयोगट, ठिकाण आणि कर्मचारी वेगळे होते, त्यामुळे सरळ तुलना करू नये. तरीही तीच माणसे त्याच दारी पुन्हा पुन्हा गेली, याला मी मोठे महत्त्व देतो. तुमच्यासाठी यातला धडा असा की महागडे यंत्र परवडत नसेल तरी काम थांबत नाही, मात्र मग वारंवार जाण्याची तयारी हवी.

एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. या दोन्ही चाचण्यांतील तुलनेच्या गटातील स्त्रियांना अभ्यासाच्या काळात तपासणी दिली गेली नव्हती आणि त्यावरून पुढे तीव्र टीका झाली. बचाव असा होता की त्या काळी त्या भागांत तशीही तपासणी उपलब्ध नव्हती. मला तो बचाव पूर्णपणे पटत नाही, आणि या अभ्यासांविना आज आपल्याकडे पुरावा नसता हेही नाकारता येत नाही. तुम्ही मात्र या पेचात पडण्याचे कारण नाही. तपासणीचा उपयोग सिद्ध झालेला आहे, त्यामुळे एखाद्या गावाला तपासणीविना ठेवून तुलना करण्याची कल्पना कोणी मांडली तर ती नैतिकता समितीपर्यंतही जाऊ देऊ नका.

मग कोणती तपासणी? येथे मी ठाम उत्तर देणार नाही, कारण ते परिस्थितीवर अवलंबून आहे. एचपीव्हीचे नमुने कोणत्या प्रयोगशाळेत जाणार आणि अहवाल किती दिवसांत येणार? जवळच्या ग्रामीण रुग्णालयात कॉल्पोस्कोप, म्हणजे गर्भाशयमुख मोठे करून पाहण्याचे उपकरण, आहे का आणि तो चालवणारे डॉक्टर आठवड्यातून किती दिवस असतात? कर्करोगपूर्व डाग त्याच जागी जाळण्याचे किंवा गोठवण्याचे उपकरण रुग्णालय गावात आणणार का? ते येणार असेल तर व्हीआयएचे पारडे जड होते, कारण तपासणी आणि उपचार एकाच दिवशी होऊ शकतात आणि बाईचा एक खाडा वाचतो. ते येणार नसेल आणि बाईला पुन्हा बोलवावेच लागणार असेल, तर अधिक अचूक तपासणी निवडून कमी बायकांना बोलवणे श्रेयस्कर. तोंडाची तपासणी बॅटरी आणि लाकडी पट्टी घेऊन होते आणि तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्यांत तिने मृत्यू कमी होतात, हे केरळमधील चाचणीत दिसले आहे. ती अवश्य घ्यावी. स्तनांच्या तपासणीचा लाभ मुंबईच्या अभ्यासात प्रामुख्याने पन्नाशीपुढील स्त्रियांत दिसला, तेव्हा पंचविशीतल्या मुलींची रांग लावून त्यांना घाबरवू नये.

घाबरवण्याचा विषय निघालाच आहे, तर ऊसतोडीच्या कुटुंबांकडे वळतो. २०१९ मध्ये राज्य शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यात केलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ महिलांची गर्भपिशवी काढलेली आढळली. यांतील कित्येक जणींनी सांगितले की ‘पिशवी खराब आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल’ असे त्यांना सांगण्यात आले होते. अंगावरून पांढरे जाणे हे त्यांचे साधे गाऱ्हाणे होते. पाळीच्या दिवसांत खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, ही दुसरी बाजू त्याला जोडलेली होतीच. अशा भागात तुमचे विद्यार्थी ‘कर्करोग जीवघेणा आहे, वेळीच सावध व्हा’ असे पथनाट्य घेऊन गेले, तर काही बायका तुमच्याकडे न येता जवळच्या खासगी दवाखान्यात जाऊन पिशवी काढून घेतील. प्रत्यक्षात कर्करोग असेल आणि तो न ओळखताच साधी शस्त्रक्रिया करून पिशवी काढली, तर पुढचा उपचार अधिक अवघड होतो. म्हणून आमच्याकडे एक नियम होता. पहिल्या भेटीत कर्करोग हा शब्द येण्याआधी ‘पांढरे जाण्याची बहुतेक कारणे गोळ्यांनी बरी होतात आणि पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला तर आधी आम्हाला कागद दाखवा’ हे वाक्य आलेच पाहिजे.

याच कुटुंबांमुळे तुमचे वेळापत्रकही ठरते. दिवाळीच्या सुमारास ती गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्याच्या तळावर असतात. राष्ट्रीय सेवा योजनेची निवासी शिबिरे महाविद्यालये साधारणपणे हिवाळ्यात घेतात, म्हणजे ज्यांच्यासाठी शिबिर आहे त्या बायका गावात नसताना. तुमची तपासणी मे-जूनपासून गणपतीपर्यंतच्या काळात झाली पाहिजे आणि दोष आढळलेल्या प्रत्येकीचा उपचार टोळी निघण्याआधी संपला पाहिजे. विद्यापीठाचे सत्र याला जुळत नाही, हे मला ठाऊक आहे. ते जुळवून घेणे हाच विद्यापीठाच्या प्रामाणिकपणाचा पहिला पुरावा समजावा.

विद्यार्थी किती, याचे उत्तर: तुम्हाला वाटतात त्याहून कमी, पण अधिक काळासाठी. सर्वेक्षणाला साठ जण नेऊन दोन दिवसांत अर्ज भरून घेण्यापेक्षा सहा जणांना प्रत्येकी दोन गावे वर्षभर द्यावीत. आणि सर्वेक्षणातील प्रश्न ग्रामीण बोलीत तपासून घ्यावेत. आमच्या पहिल्या अर्जात ‘तंबाखू खाता का?’ असा प्रश्न होता आणि जवळजवळ सर्व बायकांनी ‘नाही’ असे उत्तर दिले. तिसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीच्या लक्षात आले की उत्तर देणाऱ्या मावशीच्या तर्जनीचे टोक काळे आहे. मावशी मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावत होत्या, दिवसातून चार वेळा. मिश्री ‘लावतात’, ती कोणी ‘खात’ नाही, त्यामुळे त्यांचे उत्तर त्यांच्या दृष्टीने अगदी खरे होते. त्या रात्री आम्ही सर्व अर्ज बाद केले. असा प्रश्न दुरुस्त करणे हे समाजकार्याचे आणि भाषेचे ज्ञान आहे. रुग्णालयाकडे ते नसते, तुमच्याकडे असते.

येथे थोडे थांबून आतापर्यंतचे सूत्र पुन्हा सांगतो: पुढच्या पायऱ्यांची सोय आधी, मग ऋतू, मग बोलण्याची भाषा आणि या तिन्हींत बसेल अशी तपासणी सर्वांत शेवटी. आता राहिला करार.

कर्करोग रुग्णालय आणि सामान्य विद्यापीठ यांच्या जोडीत विद्यापीठाला अनेकदा गर्दी जमवणाऱ्याची भूमिका मिळते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००१ मध्ये या प्रश्नासाठी एक योजना सुरू केली. तिच्यात उपेक्षित समाजांतील विद्यार्थ्यांना शिकवणारे विद्यापीठ आणि मोठे कर्करोग केंद्र यांनी मिळून प्रस्ताव द्यायचा असे आणि नेतृत्व दोन्हीकडच्या संशोधकांकडे असावे लागे. ग्वाम विद्यापीठ आणि हवाई विद्यापीठाचे कर्करोग केंद्र यांची भागीदारी त्यांतलीच. ग्वाम या प्रशांत महासागरातील अमेरिकी बेटावर आपल्यासारखीच सुपारी चघळतात, पुष्कळदा पान, चुना आणि तंबाखूसह. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील कोणत्याही कर्करोग केंद्राला हा विषय सहसा सुचला नसता. या भागीदारीतून सुपारी सोडवण्याच्या उपायांची यादृच्छिक चाचणी, म्हणजे कोणाला कोणता उपाय द्यायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवून केलेली तुलना, उभी राहिली, कारण तो प्रश्न ज्यांच्या अंगणातला होता ते विद्यापीठ बरोबरीने बसलेले होते. आपल्याकडे अशी अट घालणारी योजना तुमच्या पाठीशी नसेल, तर ती अट तुम्हीच करारात घाला. प्रत्येक उपक्रमाला दोन्हीकडचा एकेक प्रमुख असावा आणि खर्चाच्या मंजुरीवर दोघांच्याही सह्या असाव्यात. माहिती कोणाकडे राहील, शोधनिबंधावर कोणाची नावे येतील आणि निष्कर्ष आधी ग्रामसभेत सांगितले जातील का, हे सुरुवातीलाच लिहून काढावे. नंतर हे विषय निघाले की माणसे दुखावतात. रुग्णांची नावे आणि अहवाल विद्यापीठाच्या संगणकावर सर्वांना उघडे राहणार नाहीत, हेही त्यात आले. खेड्यात ‘तिला कॅन्सर निघाला’ ही कुजबुज एखाद्या मुलीचे लग्न मोडू शकते.

पदांची जबाबदारी लिहिताना ‘दोन्ही संस्था परस्पर समन्वयाने पाठपुरावा करतील’ हे वाक्य मसुद्यातून काढून टाका. त्याऐवजी असे लिहा: दोष आढळलेल्या स्त्रीला सात दिवसांत समन्वयक प्रत्यक्ष भेटेल, हा समन्वयक पूर्णवेळ पगारी असेल, त्याचा पगार अमुक संस्था देईल आणि पहिल्या वर्षाचा निधी संपला तरी आधी सापडलेल्या रुग्णांसाठी हे पद आणखी दोन वर्षे राहील. रुग्णालयात त्या स्त्रीचे नाव घेऊन भेटता येईल अशी एक व्यक्ती असेल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे कोण करून देईल, हेही लिहा, कारण शिधापत्रिकेवरील आणि आधारवरील नावांत एका अक्षराचा फरक पडल्यामुळे आठवडे गेलेले मी पाहिले आहेत. योजनेत उपचार विनाशुल्क होत असले तरी किरणोपचारासाठी पाच-सहा आठवडे शहरात राहायचे कुठे, सोबतच्या माणसाची मजुरी बुडेल तिचे काय आणि घरच्या शेळ्या कोण बघणार, हे प्रश्न उरतातच. यांतील पहिल्या दोहोंसाठी रक्कम ठेवता येते. तिसरा प्रश्न आमच्याकडे एकदा गावातील बचत गटाने सोडवला होता आणि त्या बाईने उपचार पूर्ण केले.

विद्यापीठांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनासाठी करारांची संख्या लागते, हे आपण दोघेही जाणतो आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. तुमच्या कुलगुरूंना हा करार त्यासाठी हवा असेल तर त्या निकडीचा उपयोग करून समन्वयकाचे पद मंजूर करून घ्या. मात्र अहवालात ‘तपासणी केलेल्या महिला’ हा आकडा पहिल्या रकान्यात येऊ देऊ नका. पहिल्या रकान्यात ‘दोष आढळलेल्यांपैकी उपचार पूर्ण झालेल्या’ हा आकडा ठेवा. तो लहान असेल आणि सभेत विचारणा होईल, पण त्या रकान्यामुळेच दरमहा कोणीतरी फाइल उघडून पाहील.

शेवटी, मसुद्याला हात लावण्यापूर्वी करण्याची एक गोष्ट सुचवतो. तुमच्या यादीतील सर्वांत दूरच्या गावातून, शक्य असेल तर जिला आधीच काही त्रास आहे अशा एखाद्या बाईसोबत, सकाळच्या पहिल्या एसटीने त्या रुग्णालयात जा. गाडी किती वाजता निघते, केसपेपरची खिडकी किती वाजता बंद होते, बायोप्सीच्या अहवालासाठी कितव्या दिवशी परत बोलावतात, स्वच्छतागृह कुठे आहे, दुपारचे जेवण कितीला पडते आणि परतीची शेवटची गाडी चुकली तर रात्री कुठे थांबावे लागते, हे सर्व वहीत लिहून आणा. विद्यापीठाची गाडी नेऊ नका. ती वही घेऊन रुग्णालयाच्या लोकांसमोर बसा आणि वहीतील एकेका नोंदीसमोर कलम लिहायला सुरुवात करा.